दुसऱ्या जगांत जन्मलेले नायक

हल्लीं अनेक सुशिक्षित घरांतील तरुण मंडळींच्या हातीं जपानी कादंबऱ्यांचीं इंग्रजी भाषांतरें दिसूं लागलीं आहेत. पुस्तकें आकारानें लहान, भाषा सोपी, मधून मधून चित्रें. यांस ‘लाइट नॉव्हेल’ म्हणतात, व त्यांतील एक अत्यंत लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘इसेकाइ’. ‘इ’ म्हणजे अन्य, ‘सेकाइ’ म्हणजे जग. हा ‘सेकाइ’ शब्द आपल्या नात्यांतलाच निघतो. ‘लोकधातु’ या बौद्ध संस्कृत शब्दासाठीं चिनी पंडितांनीं जीं दोन अक्षरें योजिलीं, तींच पुढें जपानांत गेलीं.

या कथांचा ठराविक साचा असा: एक उदास तरुण मालमोटारीखालीं सांपडून मरतो. कोणी देवता भेटून त्याला अपूर्व शक्ति देते. मग तो तलवारींच्या व मंत्रविद्येच्या जगांत जन्म घेतो, प्रत्येक लढाई जिंकतो, आणि त्याच्याभोंवतीं सुंदर तरुणींचा मेळा जमतो. हें वाचून घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि तें स्वाभाविकच आहे. तथापि सर्व पुस्तकें एकाच टोपलींत टाकणें न्यायाचें होणार नाहीं.

कारण साचा हा कांहीं स्वतः दोष नव्हे. महाकाव्यांत नगर, समुद्र, पर्वत, ऋतु, चंद्रोदय व सूर्योदय यांचीं वर्णनें असावींत, असें दंडीनें ‘काव्यादर्शां’त सांगितलेंच आहे, म्हणून कांहीं सारीं महाकाव्यें सारखीं झालीं नाहींत. बाणाच्या ‘कादंबरी’चा तर सारा डोलाराच पुनर्जन्मावर उभा आहे. प्रश्न एवढाच कीं, नव्या जन्माची किंमत नायकाला मोजावी लागते कीं नाहीं?

जपानांत 2004 सालीं ‘शोसेत्सुका नि नारो’ म्हणजे ‘कादंबरीकार होऊं या’ नांवाचें संकेतस्थळ निघालें. तेथें कोणीहि आपली कथा क्रमशः लिहावी व वाचकांच्या पसंतीनें तिचा क्रमांक लागावा, अशी व्यवस्था. वर चढावयाचें तर वाचकाला आवडलेलेंच पुन्हा द्यावें, असा मोह होतो, आणि साचा घट्ट होत जातो. तरीहि पुढील तीनहि कथा प्रथम तेथेंच प्रसिद्ध झाल्या, हें विसरतां कामा नये.

पहिली नागात्सुकी ताप्पेइ यांची ‘री:झिरो’. ती 2012 सालीं सुरू झाली. तिचा नायक सुबारू मेला कीं काळ मागें जातो व तो पुन्हा जिवंत होतो. वरकरणी हें वरदान. पण मरणाची प्रत्येक वेदना त्याच्या स्मरणांत राहते, इतरांना मात्र कांहींच आठवत नाहीं, आणि हें रहस्य तो उघड करूं लागतांच अदृश्य हात त्याचें काळीज आवळतो. येथें शक्ति हीच शिक्षा आहे.

दुसरी ‘मुशोकु तेन्सेइ’. तिचीं 26 पुस्तकें 2014 ते 2022 या काळांत निघालीं. चौतीस वर्षांचा, खोलींत कोंडून घेतलेला माणूस नव्या घरीं बालक होऊन जन्मतो. मंत्रविद्या त्याला लौकर येते, पण अंगणाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकण्याची जुनी भीति जन्म बदलूनहि सुटत नाहीं. शिक्षिकेनें त्याला घोड्यावर बसवून बाहेर न्यावें लागतें. मात्र या नायकाची लंपट वृत्ति पुष्कळ ठिकाणीं उघड दिसते; म्हणून हें पुस्तक लहान मुलांच्या हातीं देऊं नये.

तिसरी कोणत्याहि घरांत निःशंकपणें ठेवावी अशी: काझुकी मिया यांची ‘होन्झुकी नो गेकोकुजो’, इंग्रजींत ‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’. 2015 ते 2023 या काळांत तिचीं 33 पुस्तकें झालीं. भूकंपांत ग्रंथांच्या ढिगाखालीं सांपडून मेलेली एक ग्रंथवेडी मुलगी गरीब शिपायाच्या घरीं, माइन नांवाच्या रोगट पोरीच्या देहांत जागी होते. तेथें ग्रंथ केवळ सरदारांकडे. मग ती स्वतःच ग्रंथ करूं पाहते. गवताचा कागद साधत नाहीं, मातीच्या पाट्या चुलींत फुटतात, लांकडाच्या पट्ट्या आई सरपण समजून जाळते. ज्ञान आहे, पण अंगांत बळ नाहीं, गांठीं पैसा नाहीं. कागद सिद्ध होतो तो शेजारच्या मुलाच्या श्रमांनीं व एका व्यापाऱ्याच्या भांडवलानें. पुढें सरदारघराण्यांत दत्तक जातांना ज्यांनीं तिला जीव लावला त्या आईबापांना आईबाप म्हणण्याचा अधिकारहि ती करारानें गमावते. तेथें वाचकाचे डोळे भरून येतात, कारण तोंपर्यंत तें ‘अन्य’ जग तिचें स्वतःचें घर झालेलें असतें.

साचेबंद कथेंत नेमकें हेंच नसतें. तेथील माणसें नायकाची वाहवा करण्यापुरतीं जन्मलेलीं. नायक निघून गेला तर त्यांना जगण्याला कांहीं कारण उरत नाहीं. यालाच क्षेमेंद्रानें अनौचित्य म्हटलें असतें. आणि तरुण मनावर त्याचा परिणामहि चांगला नव्हे. योग्यता श्रमावांचून मिळते, आणि आपलीं दुःखें ठिकाण बदललें कीं संपतात, अशी समजूत त्यानें रुजते.

तेव्हां वडिलांनीं पुस्तक हिसकावून घेऊं नये. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलाला जवळ बसवून विचारावें, ‘बाळ, तुझ्या नायकाला या नव्या जगांत काय सोडावें लागलें?’ तो नुसत्या शक्तींचीच यादी सांगूं लागला, तर त्याच्या हातीं माइनची कथा द्यावी. पण उत्तर देतांना तो रंगून गेला, तर दिवा थोडा उशिरां मालवावा.