लीज संपलेली ई-कार घेताना

■ भाव का पडतो? अनेक गाड्या एकदम विक्रीला येतात. अमेरिकेत भाड्याने गाड्या देणाऱ्या ‘हर्ट्झ’ने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २०,००० ई-कार विकायला काढल्या.

■ आपल्याकडे : एप्रिल २०२५ मध्ये ‘ब्लूस्मार्ट’ची टॅक्सीसेवा थांबली. ‘जेनसोल’ कंपनीने तिला लीजवर दिलेल्या हजारो ई-कार उभ्या राहिल्या.

■ कर : नव्या ई-कारवर जीएसटी ५ टक्के. जुनीवर डीलरच्या मार्जिनवर १८ टक्के. जीएसटी नोंदणी नसलेल्या मालकाकडून थेट घेतल्यास जीएसटी नाही.

■ बॅटरी : वॉरंटी बहुधा ८ वर्षे किंवा १.६० लाख किमी. टॅक्सीचे किलोमीटर लवकर भरतात.

■ देवनारमधील खरेदीदारांनी तपासावे : बॅटरीचा आरोग्य अहवाल, कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, दुसऱ्या मालकाला मिळणारी वॉरंटी, सोसायटीत चार्जरची सोय.