पिस्तुलाची मूठ

२२ ऑगस्ट २०१८. जकार्ता-पालेम्बांग आशियाई क्रीडास्पर्धेत पालेम्बांग इथे महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची तिची प्रतिस्पर्धी, दोघींचेही ३४ गुण. बरोबरी फोडण्यासाठी पाच गोळ्यांची फेरी झाली, तीही बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत राही एका गुणाने पुढे गेली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली.

अंतिम फेरीत हात खाली, ४५ अंशांवर धरून थांबायचं असतं. इशारा मिळाला की तीन सेकंदांत हात वर, नेम आणि गोळी. साइट शोधत बसायला वेळच नसतो. हात वर येतानाच पुढची आणि मागची साइट एका रेषेत आलेली असावी लागते. हे सरावाने साधतं, पण सरावाला साथ देते ती पिस्तुलाची मूठ. माझ्या मते स्पर्धेचं पिस्तूल कारखान्यात तयार होतं, पण ते खेळाडूचं होतं मुठीपाशी.

आकड्यांत सांगायचं तर, १० मीटरच्या एअर पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असतं. रेषा फक्त पाव मिलिमीटर चुकली, तर लक्ष्यावर छर्रा साडेसात मिलिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे ११.५ मिलिमीटर. म्हणजे पाव मिलिमीटरच्या त्या चुकीत दहा गुणांची जवळजवळ सगळी मुभा संपते. मूठ तळहाताला एका बाजूने जास्त दाबत असेल, तर मनगट नकळत वळतं आणि ही चूक प्रत्येक गोळीला होत राहते.

नागपुरात, सदरसारख्या भागात घराच्या मागच्या खोलीत छोटी मिलिंग मशीन बसवलेली असली, की हौशी माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच: मूठच कशाला, संपूर्ण पिस्तूलच का बनवू नये? उत्तर स्वच्छ आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुका-पिस्तुलं बनवणं, त्यात फेरफार करणं, अगदी दुरुस्त करणंही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नळी, ट्रिगरची यंत्रणा, बॉडी यांच्याकडे घरच्या मशीनने वळूच नये. २०१६ च्या नियमांनुसार २० जूलपर्यंत ऊर्जेचं ४.५ मिलिमीटरचं एअर पिस्तूल ठेवायला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सोडतं, म्हणजे ऊर्जा सहा जूलच्याही आत. पण त्याच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते. तिथेही हात घालू नये. मूठ मात्र नुसतं लाकूड आहे, आणि तिच्यात करण्यासारखं पुष्कळ आहे.

सेझारे मोरिनी हे नाव नेमबाज ओळखतात ते पिस्तुलांमुळे. पण त्यांचं नाव आधी झालं ते हाताच्या आकाराच्या मुठींमुळे. जर्मनीत रिंकसारखे कारागीर आजही खेळाडूच्या हाताच्या मापावरून मुठी घडवतात. हंगेरीच्या कारोय ताकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन गेले. उजव्या हाताच्या आकाराची मूठ डाव्या हातात बसतच नाही. हात बदलला की मूठही नव्यानेच घडवावी लागते.

लाकूड परंपरेने अक्रोडाचं. ते फार जड नसतं, कोरताना तुटत नाही आणि वाळल्यावर आकार धरून राहतं. आपल्याकडे चांदा-बल्लारशाचं सागवान मनात येणं साहजिक आहे. सागवान टिकतं छान, पण त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे कटरची धार लवकर जाते. शिसम सुंदर दिसतं, पण जड असतं. कोणतंही लाकूड घ्या, ते नीट वाळलेलं हवं. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात आणि जुलै ओलाव्याचा. कच्चं लाकूड पहिल्या उन्हाळ्यात आकसतं आणि मूठ बॉडीवर खुळखुळू लागते.

कामाचा क्रम महत्त्वाचा. बाहेरचा आकार आधी कोरला, तर ठोकळा वाइसमध्ये धरायला सपाट बाजूच उरत नाही. म्हणून ठोकळा चौकोनी असतानाच आतला खाचा आणि स्क्रूचं भोक मशीनवर करून घ्यायचं. इथेच मिलिंग मशीनचा खरा उपयोग. डायल गेजने ठोकळा सरळ लावायचा, हँडलचा बॅकलॅश लक्षात ठेवायचा, एंड मिलचा कट हलका ठेवायचा. पिस्तुलाची बॉडी खाच्यात हाताच्या दाबाने बसावी आणि बोटांनी हलवली तर हलू नये. आतल्या या जोडात जरा प्ले राहिला, तर बाहेरची सगळी कलाकारी फुकट जाते.

बाहेरचं काम कानशीचं आणि संयमाचं. लाकूड मापापेक्षा थोडं जास्तच उतरवायचं, मग लांबी किंवा इपॉक्सी भरून, पातळ हातमोजा घालून, नेमाच्या उभ्या पवित्र्यात मूठ पकडायची. हाताचा ठसा उमटतो. मधलं बोट ट्रिगर-गार्डच्या खाली घट्ट बसायला हवं, आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ यायला हवं. मूठ जाड झाली तर बोट पुरतं पोहोचत नाही, ट्रिगर बाजूला ढकलला जातो. घामाने हात सरकू नये म्हणून शेवटी पृष्ठभागावर बारीक टोचे मारतात.

नियमही आधी वाचावेत. आंतरराष्ट्रीय नियमांत एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम, आणि मुठीसकट सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. शेवटचा ५० चा आकडा मुठीचाच आहे. अंगठ्याची आणि तळहाताची टेकणी रुंद करायचा मोह होतो आणि पिस्तूल पेटीत जात नाही. तळहाताखालची पट्टी मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळलेली चालत नाही, आणि मनगट पूर्ण मोकळं असावं लागतं.

ठाणे जिल्ह्यात खोल भोकं पाडण्याची यंत्रं बनवणाऱ्या प्रेसीहोलने एअर रायफलीही बनवल्या आहेत. अचूक नळी घडवण्याचं कसब महाराष्ट्रात आहे. मुठीसाठी तर त्याहून कितीतरी साधी साधनं पुरतात. सदरमधल्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेतली मशीन, सुताराची कानस आणि एखाद्या नेमबाजाचा हात एकत्र आले, तर विदर्भातल्या मुलांना तयार मापाच्या मुठीवर हात वाकवत बसावं लागणार नाही. हे काम कोणीतरी हाती घ्यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मूठ तयार झाली की पारख अशी करतात: रिकामं पिस्तूल, सुरक्षित दिशा, डोळे मिटून हात वर घ्यायचा आणि डोळे उघडायचे. साइट एका रेषेत दिसल्या तर ठीक. पुढची साइट डावी-उजवीकडे पडली तर टेकणीतून कानशीचे दोन हात काढायचे, खाली पडली तर मुठीचा कल बदलायचा. नव्या मुठीने छर्ऱ्यांचा पुंजका सरकतो, साइट पुन्हा लावावी लागते, आणि हाताला सवय व्हायला वेळ लागतो. त्यामुळे स्पर्धा तोंडावर आली असेल तर जुन्या मुठीवरच खेळावं आणि नवी मूठ हंगाम संपल्यावर चढवावी.