नागभीड म्हणजे नागभीडच, तरी पायथन ‘नाही’ का म्हणतो?

उत्तर स्क्रीनवर बरोबर दिसतं, पण तपासणीत ‘चूक’ येतं, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी आजचा भाग. लॅपटॉप नाही, मोबाइलवरच पायथन शिकताय? मग तर ऐकाच.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ, गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गाचं. सराव असा: पहिल्या ओळीत स्टेशनांची संख्या, 4. पुढच्या चार ओळींत एकेक नाव: वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल मारोडा. (मधली स्टेशनं सोडलीत, आपली गाडी जलद आहे!) प्रश्न: यादीत नागभीड कितवं? उत्तर 3.

तुम्ही ‘रीडलाइन’ने एकेक ओळ वाचली, ‘नागभीड’शी ताडून पाहिली. जुळलीच नाही. काहून बा?

तर ओळ संपवताना आपण एंटर दाबतो ना, त्याचंही एक अक्षर बनतं. त्याला न्यूलाइन म्हणतात. ते दिसत नाही, पण रीडलाइन ते ओळीसोबतच उचलून आणतं. ‘लेन’ने मोजून बघा. ‘नागभीड’ची लांबी 6 येते, कारण पायथन काना आणि वेलांटीही वेगळी मोजतो. वाचलेल्या ओळीची मात्र 7 येते. हा सातवा पाहुणा म्हणजे न्यूलाइन.

गंमत म्हणजे पहिल्या ओळीतला 4 ‘इंट’मध्ये टाकला की बिनबोभाट चालतो. इंट आजूबाजूची स्पेस आणि न्यूलाइन स्वतःच सोडून देतं. आकडा चालतो, नाव अडतं, आणि आपला संशय भलतीकडेच जातो.

उपाय सोपा. ओळ वाचली की लगेच ‘स्ट्रिप’ लावा. दोन्ही टोकांच्या स्पेस आणि न्यूलाइन निघून जातात. ‘इनपुट’ वापरलं तर न्यूलाइन आपोआप जातं, पण शेवटची स्पेस राहते. मोबाइलच्या कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की मागे स्पेस पडते, बरं का. म्हणून स्ट्रिप तिथेही हवंच.

आता दोन सावधगिऱ्या. एक, सगळं इनपुट एकदम वाचून ‘स्प्लिट’ केलं, तर ‘मूल’ आणि ‘मारोडा’ वेगळे होतात. चारची पाच स्टेशनं! इथे एक ओळ म्हणजे एक नाव, म्हणून ओळीनेच वाचा.

दोन, संख्या दिली असेल तर तितक्याच वेळा वाचा. ओळी संपल्यावरही ‘इनपुट’ बोलावलं, तर ‘ईओएफ एरर’ येतो. संख्या दिलीच नसेल, तर ‘सिस’ मॉड्यूलच्या ‘एसटीडीइन’वर ‘फॉर’ लूप चालवा. ओळी संपल्या की तो आपणहून थांबतो.

पुढच्या वेळी ‘चूक’ आलं, तर ‘आपल्याला जमणारच नाही’ म्हणून मोबाइल बाजूला ठेवू नका. आधी ती ओळ ‘रेप्र’मध्ये घालून प्रिंट करा. लपलेलं न्यूलाइन ‘बॅकस्लॅश एन’ होऊन समोर येईल. तुमचा विचार बरोबरच होता, फक्त एक अक्षर जास्तीचं आलं होतं.

भेटू पुढच्या भागात!