सासऱ्याच्या बैलांमागून

बैलांच्या वॅगनीतून ओरेगनला गेलेल्या माणसांची यादी कुणी ठेवलीच नाही. जहाजातून न्यूयॉर्कला उतरणाऱ्याचं नाव निदान प्रवाशांच्या यादीत चढायचं. मिसूरी नदी ओलांडून पश्चिमेला निघणाऱ्याला ना परवाना लागायचा, ना तिकीट. सुमारे दोन हजार मैलांची वाट, पाच-सहा महिन्यांची पायपीट आणि प्लॅट नदीच्या काठाने कॉलऱ्याची साथ. एवढं सोसून माणूस पोचला तरी सरकारदरबारी त्याचा पत्ता नसायचा. कुणी रोजनिशी लिहिली, कुणी वायोमिंगमधल्या इंडिपेंडन्स रॉकवर नाव कोरलं. बाकीच्यांचा प्रवास कागदावर आलाच नाही.

त्यामुळे अशा पूर्वजाचा शोध म्हणजे निघण्याआधीचा एक कागद आणि पोचल्यानंतरचा एक कागद यांची गाठ घालायची. मधले सहा महिने वंशजांच्या गोष्टींवर सोडायचे. आणि गोष्टी तर अमाप असतात.

माझ्या विहीणबाई ओरेगनच्या राजधानीत, सेलमला राहतात. निवृत्त शिक्षिका, एखादी गोष्ट हातात घेतली की तड लावल्याशिवाय न सोडणाऱ्या. मुलीकडे मुक्कामाला गेले तेव्हा त्यांनी मला या कामात ओढलं. त्यांच्या घराण्यातली कथा अशी: खापरपणजोबा १८५२ साली एकटे, वीस वर्षांचे, खिशात दमडी नसताना आले, वाटेत एका तांड्यात एक मुलगी दिसली, जीव जडला आणि पुढच्या वर्षी लग्न झालं. कथा झकास आहे. अशा बहुतेक कथांमध्ये तिकडे नायक एकटाच असतो, हेही माझ्या हळूहळू लक्षात आलं.

कामाचा पहिला नियम म्हणजे स्वतःपासून मागे जायचं. पूर्वजापासून पुढे यायला गेलं की त्याच नावाचा भलताच माणूस गळ्यात पडतो. आई-वडिलांचे दाखले, आजोबांची मृत्यूची नोंद, पणजोबांवरचा वर्तमानपत्रातला मृत्युलेख, अशा पायऱ्या उतरत जायचं. ओरेगनची जुनी वर्तमानपत्रं विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली आहेत. मृत्युलेखात मृताचे आई-वडील कोणत्या साली मैदानं ओलांडून आले, ते आवर्जून सांगितलेलं असतं.

मग जनगणना. अमेरिकेत ती दर दहा वर्षांनी होते आणि प्रत्येक वेळी रकाने बदलतात. कुठल्या वर्षाला काय विचारायचं, हे कळण्यातच निम्मं कौशल्य आहे. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल आहे, बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत तेही आहे. विहीणबाईंच्या खापरपणजीपुढे अकरा आणि सात हे आकडे होते. १८९० ची जवळजवळ सगळी गेली: १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या इमारतीला आग लागली, आणि आगीतून, पाण्यातून वाचलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट करायला काढले. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं, १८७० मध्ये ते नाही. आणि १८५० ही पहिली जनगणना, जिच्यात घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळी डोकी. ‘स्वतंत्र’ म्हणायचं कारण गुलामांची नावं १८५० लाही लिहिली नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग, वर्ण, की झालं.

आम्हाला हवा होता तो हाच १८५० चा कागद, आणि तोच मिळेना. खापरपणजोबांचं नाव-आडनाव इतकं सामान्य की ओहायोपासून मिसूरीपर्यंत त्या नावाचे तरुण ढिगाने निघाले. इथे काम अडलं.

वाट काढली जमिनीने. काँग्रेसने २७ सप्टेंबर १८५० रोजी ओरेगनसाठी जमीनदानाचा कायदा केला. आधीपासून वसलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, विवाहित असेल तर जोडप्याला ६४०. १ डिसेंबर १८५० नंतर येणाऱ्यांना त्याच्या निम्मं. जमिनीवर चार वर्षं राहून ती कसायची, मग मालकी. विशेष म्हणजे जोडप्याच्या जमिनीतला अर्धा वाटा बायकोच्या स्वतःच्या नावावर होता. त्यामुळे प्रत्येक दाव्याच्या फायलीत जन्माचं साल आणि ठिकाण, ओरेगनला पोचल्याची तारीख, लग्नाची तारीख आणि ठिकाण, बायकोचं नाव आणि शेजाऱ्यांच्या शपथेवरच्या जबान्या आल्या. सरकारला हक्काचा पुरावा हवा होता. वंशजांना कुलवृत्तांत मिळाला. मूळ फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यांच्या मायक्रोफिल्म निघाल्या आहेत, आणि पोर्टलंडमधल्या वंशावळ-अभ्यासकांच्या संस्थेने त्यांतला कौटुंबिक मजकूर वेचून खंडच छापले आहेत.

मायक्रोफिल्मचं यंत्र म्हणजे डोळ्यांची परीक्षा. काळ्यावर पांढरी अक्षरं, शाई फुटलेली, कारकुनाचा हात घाईचा. विहीणबाई वाचायच्या, मी लिहून घ्यायचे. अडलेल्या अक्षरासाठी त्याच कारकुनाने तेच अक्षर दुसऱ्या सोप्या शब्दात कसं काढलंय ते शोधायचं. मोडी वाचणारेही हेच करतात.

फाइल बोलू लागली. खापरपणजोबा सप्टेंबर १८५२ मध्ये पोचले. लग्न ऑगस्ट १८५३ मध्ये. कायद्यात अट अशी, की अविवाहित आलेल्याने पोचल्यापासून किंवा एकविसावं लागल्यापासून वर्षभरात लग्न केलं तर जमीन दुप्पट, १६० ची ३२० एकर. वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता. वधूचं वय चौदा. हे काही एकट्या त्यांचं नव्हे. या अटीपायी विलामेट नदीच्या खोऱ्यात कोवळ्या मुलींची लग्नं उरकली गेली, हे ओरेगनचा इतिहास लिहिणारे सांगतातच. विहीणबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुढचं वाच.”

पुढे साक्षीदार होते. लग्न डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष वधूच्या थोरल्या भावाने दिली होती, त्याचं आडनाव मात्र चांगलं विरळ. मग आम्ही खापरपणजोबांना सोडलं आणि त्या आडनावाच्या मागे लागलो. इंटरनेटवरच्या सूचीत ते सापडेना, कारण नकलणाऱ्याने पहिलंच अक्षर चुकीचं वाचलं होतं. तेव्हा आडनाव वगळून भावंडांची पहिली नावं आणि वयं टाकली, आणि इलिनॉयमधलं १८५० चं पान उघडलं.

त्या पानावर एका घराण्याची सगळी वाटचाल आहे. थोरला मुलगा केंटकीत जन्मलेला, नंतरचे दोघे इंडियानात, अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्या मागची इलिनॉयमध्ये. मुलांचे जन्म मांडले की बाप कधी कुठे होता ते कळतं. पश्चिमेला सरकत गेलेल्या कुटुंबांसाठी याहून भरवशाचा नकाशा नाही. आणि त्याच घराच्या शेवटच्या ओळीत, वेगळ्या आडनावाचा अठरा वर्षांचा पोरगा. जन्म ओहायो. धंदा: मजूर.

तेच खापरपणजोबा. मुलगी वाटेत दिसलीच नव्हती. तिच्या बापाच्या शेतावर ते राबत होते. वॅगनींचा खर्च मोठा असल्याने तरुण पोरं अशीच जायची. कुणाचे तरी बैल हाकायचे, त्या बदल्यात जेवण आणि सोबत. गणना करणारा दारोदार फिरायचा, त्यामुळे पानावरचे शेजारी खरोखरचे शेजारी असतात. त्या पानावरची आणखी दोन आडनावं ओरेगनमधल्या फायलीत जबान्या देताना भेटली. म्हणजे एकटा कुणी आलाच नव्हता; अख्खी वस्ती उठून आली होती. पूर्वज सापडत नसेल तर त्याचे मेहुणे आणि शेजारी शोधा, असं या कामातले जाणकार सांगतात, ते यासाठी.

आता जमीन. सरकारी भूमापकांच्या वह्या आजही वाचायला मिळतात. आपल्या सातबाऱ्यापेक्षा त्या बोलक्या आहेत. साखळीने मोजत जाताना झाडाची जात, खोडाची जाडी, माती, ओढा, सगळं टिपलेलं. खापरपणजोबांच्या जमिनीबद्दल त्यांनी लिहिलं आहे: मोकळं गवताळ मैदान, तुरळक ओक. आलेल्यांना वाटलं, देवानेच शेत तयार ठेवलंय. ते ठेवलं होतं तिथल्या मूळ रहिवासी कलापूया लोकांनी. विलामेटच्या खोऱ्यात ते दरसाल ठरवून गवत पेटवायचे, म्हणून रान माजत नव्हतं, शिकार मिळायची आणि कामासचे खाण्याचे कंद टिकायचे. १८३० च्या दशकातल्या तापाच्या साथींनी त्यांच्यातले बहुतेक गेले होते. उरलेल्यांशी जमिनीचा करार झाला जानेवारी १८५५ मध्ये, आणि १८५६ मध्ये त्यांना ग्रँड रोंडच्या राखीव क्षेत्रात हलवलं. खापरपणजोबांचा दावा त्याआधीचा, १८५३ चा. सरकारने जी जमीन अजून घेतलीच नव्हती, ती वाटून टाकली होती. दुसरी बाजू काळ्या लोकांची: ओरेगनने त्यांना राहायलाच बंदी घातली होती. जॉर्ज बुश हा सधन काळा शेतकरी १८४४ मध्ये तांड्यासोबत आला आणि या बंदीमुळे कोलंबिया नदीपलीकडे, आजच्या वॉशिंग्टन राज्यात जाऊन वसला. त्याची जमीन त्याच्या नावावर व्हायला काँग्रेसला १८५५ मध्ये खास कायदा करावा लागला.

विहीणबाईंनी घराण्याची टिपणवही नव्याने लिहायला घेतली आहे. त्यांचे चुलतभाऊ वाटेतल्या भेटीची कथा सोडायला तयार नाहीत, आणि चौदा वर्षं या आकड्यावरून एका नात्यात अबोला आहे. माझ्या मते वहीत आकडा राहावा. कथा त्याच्याखाली, कथा म्हणून लिहावी. तूर्त त्यांनी ३२० एकरांची नोंद दोन ओळींत फोडली आहे: १६० खापरपणजोबांचे, १६० खापरपणजीचे, तिच्या माहेरच्या नावासकट. वर कराराची तारीख घातली आहे, २२ जानेवारी १८५५.