तिकीट काढा, भेळ खा!

मुलांनो, नाताळच्या सुट्टीत भेळ-पार्टी करून पैसे कमवायचेत? मग आधी वही काढा!

माझ्या वर्गातल्या मुलांनी तिकीट ठेवलं २० रुपये. भेळ-सरबताचा खर्च माणशी १०. (कांदे घरातले म्हणून फुकट धरायचे नाहीत हं!) फुगे-पताका-बक्षिसांचे १५० रुपये मात्र कुणी येवो न येवो, जाणारच. म्हणजे पहिली १५ तिकिटं हाच खर्च भरून काढणार, कमाई सोळाव्यापासून! म्हणून तिकिटं आधी विकली, कुरमुरे नंतर आणले. खपली २६. उरणार ११०.

पण ऐन वेळी एकीचा धाकटा भाऊ दारात उभा, बिनतिकिटाचा. खजिनदार अडून बसला, “बाई, हिशेब बिघडेल!” बाकीच्यांनी त्याला आत ओढलंच. मग खजिनदारानं खर्चाच्या रकान्यात लिहिलं : पाहुणा एक, रुपये १०. शिल्लक १००.