वेळेत खो द्यावा


आज उसाऐवजी खेळाविषयी चार शब्द लिहितो. खो-खो मला पोरखेळ वाटे. लेक शाळेच्या संघात निवडली गेली, तेव्हा ‘अभ्यास बुडेल’ म्हणून मीच मोडता घातला.

१९ जानेवारी २०२५. हंगाम जोरात होता. इंदापूर भागातली शिवारफेरी उरकून बारामतीला घरी आलो, तर लेक टीव्हीपुढे. दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना चाललेला. पाच मिनिटं म्हणून टेकलो, तो शेवटपर्यंत उठलोच नाही! प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले. प्रतीक वाईकरच्या पुरुष संघानेही नेपाळवरच ५४-३६ अशी मात केली.

“बसलेल्या खेळाडूला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही,” लेकीने समजावले. तोडीची पाळी बघत बसणाऱ्या आपल्याला हे निराळे काय सांगावे?

दुसऱ्या दिवशी म्हणालो, “जा मैदानावर.” “दोन वर्षं गेली, अण्णा,” एवढंच ती बोलली. पण गेली.

आता संध्याकाळी माझेही पाय तिकडेच वळतात. आपल्याही घरात कुणी असं बसून असेल, तर मंडळी, वेळेत खो द्या.