ट्रंकेतले पागोटे

आमच्या घरी आजोबांचे एक पागोटे होते. १४ एप्रिलला आणि घरात मंगलकार्य असले म्हणजेच ते बांधीत. एरवी ते ट्रंकेत असे. आजोबा गेल्यावर दोन-तीन वर्षांनी बोहारीण दारात आली. आईने दोन जुनी लुगडी आणि ते पागोटे देऊन स्टीलचे पातेले घेतले. आईला आम्ही दोष देत नाही. पातेल्याची गरज होती, आणि विटलेल्या कापडाचे कोणी काय करणार? त्या पातेल्यात आमच्याकडे आजही दूध तापते. पागोटे मात्र गेले ते गेलेच.

त्याचे मोल पुढे कळले. आजोबा सांगत, त्यांच्या वडिलांना पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना डोक्याचे मुंडासे सोडून काखेत मारावे लागे. लहानपणी आम्हाला ती नुसती गोष्ट वाटे. मग लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलेले, पण प्रत्यक्षात न झालेले भाषण वाचनात आले. त्यात इंदूरकडच्या बलाई जातीची हकीगत आहे. जानेवारी १९२८ च्या वर्तमानपत्रातील बातमीवरून बाबासाहेबांनी ती दिली आहे. गावोगावच्या सवर्णांनी बलाईंना अटी घातल्या, आणि त्यांत पहिलीच अट पगडीची! जरीकाठी पगडी बांधायची नाही. दुसरी अट रंगीत काठाच्या धोतराची. बलाईंनी नकार दिला, तेव्हा त्यांना विहिरीचे पाणी बंद झाले, गुरे चारणे बंद झाले, शेवटी घरेदारे सोडण्याची पाळी आली. डोक्यावरच्या चार बोटे जरीसाठी एवढे! आजोबा १४ एप्रिललाच पागोटे का बांधीत, ते वाचून आम्हाला उमगले.

तेव्हापासून जुन्या शिरोवस्त्रांचा नाद लागला. कारकुनाच्या पगारात काय जमणार? तरी जाफरगेटच्या रविवारच्या बाजारातून, नातेवाइकांच्या माळ्यांवरून दोन ट्रंका भरल्या आहेत. पागोटे म्हणजे लांबच लांब, अरुंद पट्टी. ती दर वेळी नव्याने गुंडाळायची. पगडी ही बांधून, टाके घालून तयार केलेली, टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची. रुमाल चौकोनी. मुंडासे म्हणजे कष्टकऱ्याचे, कसेही गुंडाळलेले. आमच्याकडे एक रूमी टोपीही आहे, लाल, काळ्या गोंड्याची. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या काळी ही टोपी मुसलमानच नव्हे तर हिंदू अंमलदारही घालीत, हे आजच्या पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही.

आमच्या समाजाचे म्हणून जे आहे ते याहून थोडे, पण मोलाचे. समता सैनिक दलाची एक निळी टोपी आहे, आतल्या पट्टीला घामाचा डाग असलेली. तो डाग आम्ही धुतलेला नाही, धुणारही नाही. महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या एका नातेवाइकाने टोपीवरचा बिल्ला दिला. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा-कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याजागी खंजीर आला. आमच्याकडचा बिल्ला खंजिराचा. स्तंभाचा कोणाच्या घरी असेल तर तो मोडीत घालू नये, एवढीच विनंती.

धम्मबांधव विचारतात, पगडी-टोपीचा आणि बौद्धांचा काय संबंध? भिक्खू तर मुंडन करतात. संबंध फार जुना आहे. अजिंठ्याला दहाव्या लेण्याच्या डाव्या भिंतीवर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रात, बोधिवृक्षाच्या पूजेला आलेला राजा आणि त्याचा परिवार आहे. चित्र फार पुसट झाले आहे. पण केस आणि कापड एकत्र वळून बांधलेली शिरोवस्त्रे नीट पाहिल्यास दिसतात. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेले परदेशी लोक आहेत. सहलीला गेलेली मंडळी पद्मपाणी पाहून बाहेर पडतात. त्यांनी मान वर करावी.

याहून नवलाची गोष्ट भारहुतच्या स्तूपाची. मध्य प्रदेशातील हा स्तूप कनिंगहॅमने १८७३ साली शोधला. त्याचे शिल्प असलेले कठडे आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या एका स्तंभावर देवांच्या सभेत आसनावर ठेवलेले एक शिरोवस्त्र कोरले आहे, आणि वर ब्राह्मी अक्षरांत ‘भगवतो चूडामहो’ असा लेख आहे. सिद्धार्थाने गृहत्याग केल्यावर तलवारीने केस कापले, ते शिरोवस्त्रासह आकाशात फेकले आणि देवांनी ते झेलून पुजले, अशी ती कथा. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात असला चमत्कार नाही. तेथे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण आहे, आणि आम्ही तेच मानतो. पण त्या काळच्या कारागिराला राजपुत्राने काय टाकले हे दाखवायचे होते, तर त्याने पागोटे निवडले. राजवाडा नाही, सिंहासन नाही.

आता शिवणाचे. चाळिशीत सुई धरायला शिकलो तेव्हा कचेरीत थट्टा झाली. आमचा नियम एकच: जुने वस्त्र कापायचे नाही. नमुना पाहून नव्या कापडाचे करायचे. बालकासाठी सहा कळ्यांची टोपी सोपी. डोक्याचा घेर मोजावा, त्यात दोन बोटे सैल धरावे, त्याचे सहा भाग करावेत आणि प्रत्येक कळीला शिवणीची जागा सोडावी. कुंचीला मागे पाठभर झालर येते, तिला गोट लावला की ती वळत नाही. आपल्या शहरचे हिमरूचे तुकडे मिळाले तर बटवा फार सुंदर होतो. मात्र हिमरूच्या उलट्या बाजूला मोकळे धागे असतात, ते नखात अडकून निघतात, म्हणून मऊ सुती अस्तर घालावेच. आमचा पहिला बटवा अस्तराविना होता. महिन्याभरात त्याचे जाळे झाले आणि पत्नीने तो आम्हाला रोज दाखवला.

घरी जुने पागोटे असेल तर घडी घालू नये, घडीवर जर तुटते. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवावे. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो. पावसाळा संपला की सावलीत हवा द्यावी. आणि एक चिठ्ठी ठेवावी: कोणाचे, कोणत्या गावचे, केव्हा बांधीत. चिठ्ठीवाचून ते पुन्हा नुसते कापडच.

आजोबांचा एकच फोटो आहे, लग्नातला, मागच्या रांगेत. पागोट्याचा अर्धाच भाग दिसतो. त्यावरून मापे घेऊन पांढऱ्या मलमलीचे एक बांधून पाहिले. आईने पाहिले, जवळ येऊन डावीकडचा पेच सोडला आणि पुन्हा उजवीकडून घातला. म्हणाली, ‘‘मामंजी असं बांधायचे.’’